कोल्हापूरच्या थंडीत ऑर्किडला ऊब: कशानं द्यायची आणि कशानं मुळीच नाही

हीटर घ्यायच्या आधी एक मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटर घ्या. तो झाडांच्या पानांच्या उंचीवर पंधरा दिवस टांगा आणि रोज सकाळी रात्रीचा नीचांक वहीत लिहा. मला कुणीही विचारलं की "ताई, ग्रीनहाऊसला कुठला हीटर लावू?", तर मी आधी ही वही मागते.

कारण आपली थंडी म्हणजे काही काश्मीरची थंडी नव्हे. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान बहुतेक वेळा १४ ते १६ अंशांच्या आसपास असतं. थंडीची लाट आली की ते १०-१२ पर्यंत उतरतं, चार-आठ दिवस राहतं आणि पुन्हा वर येतं. पण हा झाला शहराचा आकडा. पंचगंगेकाठच्या मळ्यात पहाटे धुकं बसतं तिथलं शेडनेट आणि भर वस्तीतली तिसऱ्या मजल्यावरची गच्ची, या दोन्हींची रात्र एकसारखी नसते. गार हवा जड असते, ती सखल जागी साचते. गच्चीचा स्लॅब दिवसभर उन्हात तापलेला असतो आणि रात्री तीच ऊब हळूहळू सोडतो. गच्चीला वारा मात्र जास्त लागतो. म्हणून दुसऱ्याच्या ग्रीनहाऊसचा अनुभव जसाच्या तसा उचलू नका.

आता तुमच्याकडे झाडं कुठली आहेत ते बघा. फॅलेनॉप्सिसला रात्री १६ च्या खाली आवडत नाही. १८ असेल तर उत्तम. व्हँडा आणि बाजारात सगळीकडे मिळणारे उष्ण हवेतले संकरित डेंड्रोबियम १५ पर्यंत बरे राहतात. कॅटलिया १३ लाही कुरकुर करत नाही. डेंड्रोबियम नोबिलेच्या जातींना तर फुलायला थंडी लागतेच, त्यांना ऊब दिलीत तर कळीऐवजी खोडावर नवी पिल्लं (छोटी रोपं) येतात. सीतेची वेणी हे ऑर्किड आपल्या घाटातलंच, तिला आपला हिवाळा नवा नाही. (ती रोपवाटिकेतूनच घ्या. राधानगरी-आंबा घाटाच्या जंगलातून झाडावरची ओरबाडून आणलेली सहसा जगत नाही, आणि जंगलातलं एक खोड मात्र कायमचं रिकामं होतं.) फॅलेनॉप्सिसलाही फुलाची दांडी काढायला काही आठवडे थोड्या गार रात्री हव्याच असतात. तेव्हा नोव्हेंबरपासूनच हीटर चालू करणं म्हणजे पैसे देऊन फुलं घालवणं.

तुमच्या वहीत १५ च्या खालचे आकडे चार-दोनच असतील आणि फॅलेनॉप्सिसच्या कुंड्या दहा-बारा असतील, तर त्या रात्री कुंड्या घरात घ्या. हीटरचा विषय तिथंच संपला. कुंड्या पन्नास-शंभर असतील आणि उचलणं शक्य नसेल, तर पुढचं वाचा.

पांघरूण आधी

उदाहरणासाठी दहा बाय आठ फुटांचं, आठ फूट उंचीचं, एकपदरी पॉलिथिनचं घर घेऊ. चारी बाजू आणि छत मिळून ३४ चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग होतो. बाहेर १२ अंश आणि आत १७ ठेवायचे असतील, तर त्या प्लास्टिकमधून दर क्षणी अंदाजे १,१०० वॉट ऊब बाहेर जाते. आतून बबल रॅपचा किंवा दुसऱ्या फिल्मचा पदर लावला आणि मध्ये हवेची फट राहिली, की हीच गळती ६५०-७०० वॉटवर येते. म्हणजे जिथं दोन हजार वॉटचा हीटर घ्यावा असं वाटत होतं, तिथं एक हजाराचा पुरतो. खाली फटी राहिल्या, दार नीट बसलं नाही, तर मात्र हा हिशेब चुलीत गेला.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना खरी वाटत नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री नुसत्या पातळ पॉलिथिनच्या घरात कधी कधी बाहेरच्यापेक्षाही गार होतं. पॉलिथिनमधून उष्णतेची किरणं थेट आभाळाकडे निघून जातात आणि बाहेरची थोडी उबदार हवा आत मिसळत नाही. त्यावर साधा उपाय आहे: उन्हासाठी लावलेलं शेडनेट रात्रीही छतावर ओढलेलं ठेवा.

पाण्याचे कॅन हा दुसरा बिनविजेचा उपाय. २०० लिटर पाणी रात्रीत ५ अंशांनी गार झालं, तर ते सव्वा युनिट विजेच्या जवळपास ऊब आत सोडतं. वीस-वीस लिटरचे दहा कॅन काळे रंगवून ऊन लागेल अशा बाजूला मांडले तरी चालतात. अर्धा, फार तर एक अंश सावरतं. पण गच्चीवर असाल तर वजनाचा विचार करा. २०० लिटरचं एकच पिंप स्लॅबच्या मधोमध ठेवू नका. कॅन भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेत पांगवून ठेवा.

माझ्या मते कोल्हापुरातल्या निम्म्याहून अधिक हौशी ग्रीनहाऊसांचं काम एवढ्यावर भागेल.

ऑइल हीटर की ब्लोअर

ज्यांचं भागत नाही, त्यांच्यासाठी खरी निवड या दोघांतच आहे.

ब्लोअर स्वस्त असतो. पाच मिनिटांत हवा गरम होते, आणि पंखा असल्यामुळे ती सगळीकडे फिरते. पण तो बनलाय बैठकीच्या खोलीसाठी, दोन-तीन तास चालवायला. ग्रीनहाऊसमध्ये त्याला रात्रभर, दमट हवेत, कोकोपीटची धूळ ओढत चालावं लागतं. त्याच्या झोतासमोरची पानं एका आठवड्यात कडेनं वाळतात. थर्मोस्टॅटनं (ठरलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्रानं) बंद केला की तापमान झपकन पडतं, पुन्हा चालू केला की झपकन चढतं.

ऑइल हीटर तापायला अर्धा तास घेतो, पण बंद झाल्यावरही बराच वेळ ऊब देत राहतो. लाल होणारी तार उघडी नाही, झोत नाही, मोटर नाही. तेल आतल्या आत बंद असतं, ते जळत नाही की भरावं लागत नाही. ऊब त्याच्याभोवतीच साठते म्हणून वेगळा छोटा पंखा हवा. तो झाडांवर न धरता छताकडे तिरका लावा. ऑर्किडला हलती हवा एरवीही हवीच असते.

माझा कौल ऑइल हीटरला. हजार वॉटचा घ्या आणि घराला पदर लावून त्याच्यावर भागवा. पण एक लक्षात ठेवा: यातला कुठलाच हीटर पाणी सोसत नाही. तो जमिनीवर न ठेवता विटांच्या ओट्यावर, सरळ उभा ठेवा. वर टांगलेल्या कुंड्या नकोत, आणि प्लास्टिकपासून सगळ्या बाजूंनी तीन फूट अंतर असू द्या. पाणी घालताना तो बंद आणि प्लग काढलेला असला पाहिजे.

हीटरनं हवा कोरडी पडते ही तक्रार खरी आहे, पण ती हीटर ओलावा खातो म्हणून नव्हे. १२ अंशांची धुकट हवा १७ पर्यंत तापवली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, आणि ९५ टक्क्यांची सापेक्ष आर्द्रता सत्तरीवर येते. रात्री सत्तर टक्के म्हणजे ऑर्किडला उत्तमच. छताला दव धरून ते थेंब थेंब फॅलेनॉप्सिसच्या गाभ्यात (पानांच्या मधल्या बेचक्यात) पडतं, तो गाभा कुजण्याचा धोका यानं कमी होतो.

रॉड हीटर आणि जुने बल्ब यांच्याबद्दल फार लिहीत नाही. लाल तापणाऱ्या दांड्यांचा रॉड हीटर समोरचं पान भाजतो आणि चार फुटांवरच्या कुंडीला काहीच देत नाही. पोल्ट्रीवाल्यांचं बघून पिवळे बल्ब लावणारे आहेत, पण तापलेल्या काचेवर एक थेंब पडला की ती तडकते.

मुळांखालची गादी

फॅलेनॉप्सिसची लहान रोपं असतील, तर अख्खी खोली तापवण्यापेक्षा रोपांखाली घालायची हीट मॅट जास्त शहाणपणाची. ती वीस-चाळीस वॉट खाते, मुळांना तीन-चार अंश जास्त देते आणि महिन्याच्या बिलात जाणवतही नाही. कुंडी मात्र खालून वाळते. वरचं मॉस (शेवाळ) ओलं दिसतं आणि कुंडीत भरलेली तळाची झाडाची साल कोरडी ठणठणीत असते. लाकडी काडी खोलवर घालून ओल बघत जा. माणसाच्या कंबरेला शेकायची गादी इथं वापरू नका, ती ओलीत वापरायला बनलेली नाही.

गॅस आणि शेगडी: नको

यात दोन बाजू नाहीत. बंद घरात कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास. पहाटे दार उघडून आत शिरणाऱ्या माणसाला कळायच्या आत तो गाठतो. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ सोडतो, ती पानांवर बसते. आणि अर्धवट ज्वलनातून इथिलीन निघतं, कळ्या गाळणारा वायू.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका जानेवारीत वीज गेली म्हणून दोन रात्री शेगडी ठेवली, दारही थोडं उघडं होतं. तिसऱ्या दिवशी फॅलेनॉप्सिसच्या अकरा कळ्या देठाशी पिवळ्या पडल्या होत्या. बोट लावलं की टप्पकन गळायच्या. पाच महिने वाट पाहिलेली दांडी दुपारपर्यंत रिकामी झाली. माझ्या कळ्याच गेल्या, यापेक्षा मोठं काही गेलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

वायरिंगवर कंजुषी नको

खरा धोका हीटरपेक्षा त्याच्या मागच्या वायरीत असतो. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी दोन हजार वॉटचा ब्लोअर साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालवला. पहाटे साडेपाचला वर गेले तर जळक्या रबराचा वास. प्लगची पिन तपकिरी झालेली, बोर्डाचं प्लास्टिक मऊ पडलेलं, आणि बबल रॅप तिथून वीतभर अंतरावर. वायरमननं बोर्ड हातात धरला आणि एवढंच म्हणाला, "ताई, ह्यो मोबाईल चार्जिंगचा बोर्ड हाय. हीटरला न्हाई चालत."

मग त्यानं करून दिलं ते असं. घरच्या डीबीतून (मुख्य वीजपेटीतून) स्वतंत्र लाइन, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळून शॉक बसायची वेळ आली की लाइन तोडणारा स्विच). १६ अँपिअरचा सॉकेट झाकणाच्या वॉटरप्रूफ पेटीत, कमरेच्या वर. वायर सॉकेटमध्ये शिरण्याआधी खाली झोका घेऊन वर येते, म्हणजे ओघळणारं पाणी झोक्यातच गळतं. अर्थिंग मोजून घेतलं. आरसीसीबीचं टेस्ट बटण मी दर महिन्याला दाबते. हा खर्च हीटरपेक्षा जास्त आला. तुमचं बजेट एकाच गोष्टीला पुरत असेल, तर आधी ही लाइन घ्या आणि हीटर पुढच्या वर्षी घ्या.

हीटरच्या स्वतःच्या बटणावर आकडे असतात, अंश नसतात. म्हणून वेगळा डिजिटल थर्मोस्टॅट लावा आणि त्याचा सेन्सर पानांच्या उंचीवर, हीटरपासून लांब टांगा. बऱ्याच स्वस्त थर्मोस्टॅटचा रिले (आतला चालू-बंद स्विच) १० अँपिअरचा असतो. हजार वॉटला साडेचार अँपिअरच्या आत लागतात, तेव्हा तो आरामात चालतो. दोन हजाराला पावणेनऊच्या आसपास लागतात. रात्रभर इतक्या कडेला चालवण्यापेक्षा मध्ये कॉन्टॅक्टर (जास्त भार पेलणारा वेगळा स्विच) घाला.

बिलाचं म्हणाल तर दुपदरी घरात थंडीच्या रात्री चार-पाच युनिट धरा. अशा तीस रात्री झाल्या तर दीडशेच्या घरात. महावितरणच्या बिलात १०० च्या आणि ३०० च्या पुढच्या युनिटचा दर चढत जातो. त्यामुळे हे युनिट सरासरी दरानं मोजू नका, तुम्ही ज्या वरच्या टप्प्यात जाल त्याच्या दरानं मोजा.

वीज गेली तर घरचा इन्व्हर्टर हीटर ओढत नाही. १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात १.८ युनिटच असतात. त्या रात्रीसाठी जुन्या गोधड्या आणि ताडपत्री हाताशी ठेवा आणि झाडांवर न टेकवता सांगाड्यावरून टाका. दुसऱ्या दिवशी टाकीतलं गारठोक पाणी सकाळी घालू नका. फॅलेनॉप्सिसच्या कोवळ्या पानांवर त्या गारव्याचे खड्डे काही आठवड्यांनी दिसतात. तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही. पाणी अकरानंतर घाला, म्हणजे संध्याकाळपर्यंत गाभा सुकतो.

आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सरला की बबल रॅप उतरवायला विसरू नका. आपल्याकडे तेव्हा दुपारी पारा तिशीच्या पुढे जाऊ लागतो, आणि जानेवारीत झाडं वाचवणारा तोच पदर भर दुपारी त्यांना उकडून काढतो.