‘शुगर फ्री’ अंजीर रोल : चव छान, पण डायबिटीस असेल तर पाटीवर जाऊ नका

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या मिठाईच्या दुकानातून मागच्या शनिवारी अर्धा किलो अंजीर रोल घेतले, 560 रुपये. दुकानाचं नाव देत नाही, कारण असे काउंटर आता बऱ्याच ठिकाणी झालेत. काचेवर ठळक पाटी ‘शुगर फ्री, डायबेटिक स्पेशल’, बाबांना गोडाची भयंकर आवड आणि 11 वर्षांपासून डायबिटीस, त्यामुळे मला वाटलं चला, एकदाचं त्यांना मन मारावं लागणार नाही.

चवीला पूर्ण मार्क. ताजे, मऊ, बाहेरून खसखस, मध्ये काजू-पिस्त्याचे तुकडे, तूपकट अजिबात नाहीत. बाबांनी रात्री जेवल्यावर 3 खाल्ले, इतके खूश होते की मला बोलवेना. दोन तासांनी मशीनवर रक्तातली साखर बघितली तर 243. एरवी जेवणानंतर 160-170 असते त्यांची. मला वाटलं स्ट्रिप खराब असेल म्हणून दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं, 239. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तेच जेवण दिलं, दोन भाकरी, मेथीची भाजी, वरण, फक्त रोल नाहीत, तर 168.

मग परत दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीला विचारलं यात नक्की काय घालता, तर ती म्हणाली, “ताई, साखर एक दाणा नाही, फक्त खजूर, अंजीर आणि थोडा मध.” ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच तसंच सांगितलेलं असणार. पण अहो, खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, सुकं अंजीरही जवळपास तसंच, आणि मध तर साखरच आहे. घरी काट्यावर ठेवला तर एक रोल 28 ग्रॅमचा भरला. अर्धं वजन साखरेचं धरलं तरी 14 ग्रॅम, म्हणजे 3 चमचे, आणि बाबांनी खाल्ले 3 रोल! शेजारीच गुळाची बर्फी होती, तिच्यावरही डायबेटिक स्पेशल. गूळ म्हणजेही बहुतांश सुक्रोजच, रंग बदलला म्हणून रक्तात गेल्यावर वेगळं काही होत नाही.

एफएसएसएआयच्या, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात ‘शुगर फ्री’ म्हणायचं तर 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ‘वरून साखर घातलेली नाही’ हा वेगळा दावा आहे, आणि पेशंट माणूस दोन्हीचा अर्थ एकच घेतो, तिथेच घोळ होतो. बॉक्सवर घटक, पोषणाचा तक्ता काहीच नव्हतं.

मला राग पैशाचा नाही. बाबांच्या तळपायाला वर्षभरापासून मुंग्या येतात, रात्री चादर लागली तरी जळजळतं म्हणतात. साखर सतत चढी राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, डोळ्याचा पडदा, किडनी, पाय, सगळीकडे, आणि दुखायला लागेपर्यंत कळतही नाही. अशा माणसाला ‘हे तुम्हाला चालतं’ असं पाटी लावून सांगणं फार मोठी जबाबदारी आहे हो. ज्यांना डायबिटीस नाही त्यांनीही हेल्दी म्हणून रोज चार खाऊ नयेत, जास्तीच्या साखरेतलं फ्रुक्टोज लिव्हरकडे जातं आणि तिथे त्याची चरबी होते. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, 2015 मध्ये सांगितलेली साखरेची शक्यतो पाळायची मर्यादा दिवसाला साधारण 25 ग्रॅम, 6 चमचे आहे, आणि मध, पाक त्यातच मोजतात.

मालकांना भेटून शांतपणे सांगितलं, पाटी बदला, ‘खजूर-मधाची मिठाई’ लिहा, तरीही खपेल, कारण माल खरंच चांगला आहे. त्यांनी ऐकून घेतलं, बघतो म्हणाले. काल कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवरून येताना मुद्दाम आत डोकावले, पाटी तशीच आहे. चवीला 5, पाटीला शून्य, म्हणून एकूण 2 स्टार. बदलली की रिव्ह्यू मी स्वतः बदलेन.