‘कंप्लीट किट’ची थाप आणि माझा गेलेला गिअरबॉक्स

केए-२२ म्हणजे बेळगावच्या नंबरची गाडी सीमेपलीकडच्या गॅरेजात लागली की मेस्त्रीला दोन गोष्टी लगेच कळतात. माणूस शंभर किलोमीटरवरून आलाय, आणि तक्रार घेऊन हा रोज उठून यायचा नाही. आम्हा बेळगावकरांचं दवाखाना, लग्नाची खरेदी, पै-पाहुणे सगळं कोल्हापूरच्या बाजूला असतं, तेव्हा गाडीचं कामही तिकडेच करायचं यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ज्या गॅरेजबद्दल लिहितोय ते तिकडचं, हायवेला लागून. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे.

गाडी २०१० ची पेट्रोल सेडान, दीड लिटर इंजिन, पाच गिअरची ऑटोमॅटिक. वडिलांचा डावा गुडघा दुखायचा, क्लच दाबायला नको म्हणून सेकंडहँड घेतलेली. तिचंही नाव लिहीत नाही, दोष गाडीचा नाही. आधीच्या मालकानं गिअरबॉक्सचं ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नव्हतं, एवढंच. मग सकाळी इंजिन थंड असताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका बसायला लागला आणि मीटरमधला ‘डी’ अधूनमधून लुकलुकायचा. नवा बॉक्स टाकायचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त निघाला, म्हणून नात्यातल्या एकानं हे गॅरेज सुचवलं.

मेस्त्रीनं एक चक्कर मारली आणि उतरता उतरताच निकाल दिला, “काका, ह्यो बॉक्स गेला. ह्याला हात लावायचं काम न्हाई. मॅन्युअल टाकूया, कंप्लीट किट हाय आपल्याकडं. परत आयुष्यात टेन्शन न्हाई.”

स्कॅनर लावला नाही. ऑइल किती आहे, कसल्या रंगाचं आहे, जळल्याचा वास येतोय का, काही बघितलं नाही. लुकलुकणारा ‘डी’ म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी कोड साठलाय. तो कोड वाचला तर दोष साध्या सोलेनॉइडचा (गिअर बदलण्यासाठी ऑइल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) आहे की आतल्या क्लच पॅकचा, याचा बराचसा अंदाज येतो. हे मला नंतर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका जुन्या मेस्त्रीनं समजावलं. सोलेनॉइड बाहेरूनही बदलता येतो, त्यासाठी बॉक्स उतरवावाच लागतो असं नाही.

ठरलेला भाव ९० हजार, त्यातले ६० आधी. जुना बॉक्स ‘भंगारात’ म्हणून ५ हजार वजा. बिल नाही. पैसे यूपीआयनं, तेही गॅरेजच्या नावावर नाही, घरातल्या कुणाच्या तरी नंबरवर.

आता ‘कंप्लीट किट’ म्हणजे काय असायला हवं ते नीट सांगतो, कारण सगळी लबाडी या दोन शब्दांत आहे. ऑटोमॅटिक गाडीत फ्लायव्हीलच्या जागी एक पातळ ड्राईव्ह प्लेट असते आणि तिच्यावर टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचचं काम ऑइलवर करणारा भाग. मॅन्युअल करायचं तर ते दोन्ही काढून जड फ्लायव्हील, त्याचे वेगळे बोल्ट, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग बसवावं लागतं. क्लचचं पॅडल, त्याचा मास्टर सिलिंडर, खालचा स्लेव्ह सिलिंडर, मधला पाइप. गिअर लिव्हर आणि त्याच्या केबल. बॉक्सचं माउंटिंग वेगळं, बहुतेक गाड्यांत एक्सलही वेगळे. हे सगळं झाल्यावर खरं डोकेदुखीचं काम येतं ते वायरिंगचं. ऑटोमॅटिकचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सकडून सिग्नलची वाट बघत बसतो, ते आले नाहीत की चेक इंजिन लावतो. लिव्हर ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, तीही जोडणी बदलावी लागते. मॅन्युअलचा कॉम्प्युटर टाकला तर चावीचा इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) त्याच्याशी जुळवावा लागतो. म्हणून चांगला मेस्त्री त्याच मॉडेलची, त्याच इंजिनची एक अपघातग्रस्त मॅन्युअल गाडी पूर्ण उचलतो आणि तिच्यातलं सगळं काढून घालतो. ती गाडी तो तुम्हाला दाखवतोही.

मला दाखवली नाही. “माल पुण्यास्नं येतोय” एवढंच. मग फोन सुरू झाले. स्लेव्ह सिलिंडर किटमध्ये नव्हता, केबल वेगळ्या मागवाव्या लागल्या, एक्सल जुळेना. प्रत्येक फोनला चार-पाच हजार. आणि गाडी तिकडे खोललेली, इंजिन साखळीला टांगलेलं, मग नाही म्हणून सांगता कुणाला? शेवटी १ लाख १८ हजार भरून गाडी ताब्यात घेतली.

निपाणी मागे टाकून तवंदी घाट चढायला लागलो. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर. ओव्हरटेकसाठी तिसऱ्यात टाकून ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिनचा आवाज नुसता चढत गेला, गाडी आहे तिथंच. पाठोपाठ करपल्याचा वास. क्लच प्लेट नवीन म्हणून लावलेली होती, नव्या डब्याचा फोटोही पाठवला होता. बेळगावात उघडल्यावर निघाली जुनी, नवं अस्तर चिकटवून रिवेट मारलेली. फ्लायव्हीलवर खाचा तशाच, ते लेथवर लावलेलंच नव्हतं. बॉक्स माझ्या मॉडेलचा नव्हता. त्याच कंपनीच्या छोट्या, कमी ताकदीच्या इंजिनच्या गाडीचा होता. बसतो, चालतो, पण आतला फायनल रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिन किती फिरायचं ते प्रमाण, वेगळा, त्यामुळं हायवेला पाचव्यात असूनही सहावा गिअर शोधत हात लिव्हरकडे जातो, इतकं इंजिन ओरडतं. रिव्हर्सचे दिवे तर जोडलेच नव्हते. ऑटोमॅटिकमध्ये त्यांचा सिग्नल लिव्हरच्या पोझिशन स्विचमधून येतो, मॅन्युअल बॉक्सवर त्याचा वेगळा स्विच असतो. त्या स्विचची वायर पिळून बॉक्सच्या मागे खोचून ठेवली होती.

चेक इंजिन मात्र लागत नव्हतं. मला वाटलं, चला, एवढं तरी काम नीट केलंय. उद्यमबागेतल्या मेस्त्रीनं चावी ऑन केली आणि मला विचारलं, “काय दिसतंय बघा.” सगळे दिवे पेटले, एक सोडून. चावी ऑन केली की चेक इंजिनचा दिवा आधी पेटायलाच हवा. दोष नसेल तर इंजिन सुरू झाल्यावर तो विझतो. त्यानं मीटर बाहेर काढला, काच उतरवली, डायल अलगद उचलली. खाली त्या एकाच दिव्यावर नखाएवढा काळा इन्सुलेशन टेपचा तुकडा, कात्रीनं अगदी चौकोनी कापलेला. अख्ख्या कामात मापात बसवलेली वस्तू ती एकच. टेप काढला, दिवा लागला, स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या कोडची रांग.

इथंवरचा प्रकार निकृष्ट कामाचा म्हणून सोडूनही दिला असता. पण पुढे जे कळलं त्यानं सगळ्याचा उलगडा झाला. मेहुणा जुन्या पार्टच्या जाहिराती चाळत असतो. त्यानं एक फोटो पाठवला, ‘ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, रनिंग कंडिशन, ५५,०००’. बॉक्सच्या खालच्या अंगाला ॲल्युमिनियमवर आर्गन वेल्डिंगचा बोटभर पट्टा, मध्ये एके ठिकाणी फुगलेला. तो पट्टा मी ओळखतो. चोर्ला घाटात दगड लागून केसिंग चिरलं होतं आणि उद्यमबागेत माझ्यासमोर ते वेल्डिंग झालं होतं. मेहुण्यानं गिऱ्हाईक म्हणून फोन लावला. पलीकडून त्याच गॅरेजवाल्या मेस्त्रीचा आवाज, “चालू गाडीतनं काढलाय दादा. शिफ्टिंग एक नंबर, झटका म्हणून न्हाई.”

हिशेब सोपा आहे. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी (मॅन्युअल बॉक्सवरच बसवलेली स्वस्तातली ऑटोमॅटिक) आली आणि त्यानंतर ऑटोमॅटिक सर्रास झाल्या. त्याआधीच्या ऑटोमॅटिक गाड्या मुळातच कमी, त्यामुळं त्यांचा चालू बॉक्स भंगार बाजारात सहज मिळत नाही आणि मिळाला तर भाव खातो. मॅन्युअल बॉक्सचे ढीग पडलेत. म्हणजे या अदलाबदलीत महागडी वस्तू गिऱ्हाइकाची असते. ती ५ हजारांत भंगार म्हणून घ्यायची आणि स्वस्तातली त्याच्या गळ्यात मारायची, हाच तिथला धंदा. मग बॉक्स कुणी तपासायचा कशाला? तो ‘गेला’ म्हटल्याशिवाय हाताला लागत नाही.

तुमच्या भागात कुणी असं काम करून देतो म्हणत असेल तर आधी कोडचा प्रिंट मागा, ज्या गाडीतले पार्ट काढणार ती डोनर गाडी डोळ्यांनी बघा, आणि जुना बॉक्स उतरला की त्याच दिवशी टेम्पोत घालून घरी आणा. त्यावरचा नंबर आणि केसिंगच्या सगळ्या बाजूंचे फोटो गाडी सोडायच्या आधीच काढून ठेवा. “आरटीओत काय लागत न्हाई” असं मेस्त्री म्हणाला तर त्यावर तर अजिबात विसंबू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. माझ्या आरसीवर आणि पॉलिसीवर मॉडेलच्या नावापुढे ‘एटी’, म्हणजे ऑटोमॅटिक, आहे. उद्या क्लेमच्या वेळी सर्व्हेयरनं तीन पॅडल बघितली तर काय, म्हणून विमा कंपनीला आणि आरटीओला मी लेखी कळवलंय.

पोलिसांत दोन्हीकडे जाऊन आलो. इकडचे म्हणतात गुन्हा महाराष्ट्रात घडला, तिकडचे म्हणतात हा दिवाणी मामला. ग्राहक आयोगाचं मात्र तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे गॅरेज सीमेपलीकडे असलं तरी मला बेळगावातच दाद मागता येते. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरलीय, तेव्हा ‘बिलच नाही तर काय करणार’ म्हणून घरी बसू नका. यूपीआयचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि उद्यमबागेतल्या मेस्त्रीचा लेखी रिपोर्ट मी तक्रारीला लावलाय. चौकशी करायची तर १९१५ ही हेल्पलाइन आहे.

नोटीस पोचल्यावर जाहिरात गायब झाली आणि नात्यातल्या त्याच माणसाकरवी निरोप आला, तीस हजार घ्या आणि विषय मिटवा. मी बॉक्सची किंमत, क्लचचा दुसऱ्यांदा झालेला खर्च आणि चुकीच्या बॉक्सचे पैसे मिळून आकडा लेखी कळवलाय. त्याच्या खाली येणार नाही.