फोन नंबरच्या लिंकसाठी सायबरशेफ: # सांभाळा, + ला हात लावू नका

ऑनलाइन मीटिंगला फोनवरून जोडायची लिंक साधारण अशी असते: नंबर, दोन स्वल्पविराम, पिन आणि शेवटी #. लिंक दाबली की नंबर लागतो, पिन जातो, पण # वाटेतच गळतो आणि पलीकडचं यंत्र पिन पुरा व्हायची वाट बघत बसतं. वेबपत्त्यात # म्हणजे पानातल्या एखाद्या जागेची खूण. म्हणून नंबरातला # हा %23 असा लिहावा लागतो.

या कामाला सायबरशेफ चांगलं आहे. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेचं हे मोफत साधन. सगळं ब्राउझरमध्येच होतं, त्यामुळे पिन सर्व्हरकडे जात नाही. डाउनलोड केलं तर नेटशिवायही चालतं.

फसगत होते ती 'यूआरएल एन्कोड'पाशी, म्हणजे अक्षरांना %23 सारखं रूप देणाऱ्या सायबरशेफमधल्या ऑपरेशनपाशी. साध्या सेटिंगमध्ये ते # ला शिवतच नाही. 'एन्कोड ऑल स्पेशल कॅरेक्टर्स'वर टिक केली, तर # सोबत + आणि - सुद्धा बदलून टाकतं. २००४ च्या आरएफसी ३९६६ (फोन नंबरच्या लिंकचे नियम सांगणारं मानक) नुसार देशाच्या कोडआधीचा + जसाच्या तसा हवा. बदललेला + प्रत्येक सॉफ्टफोन (नेटवरून फोन लावणारं अॅप) उलगडेलच असं नाही.

म्हणून नंबरासाठी दोनच ऑपरेशन्स लावा: आधी 'रिमूव्ह व्हाइटस्पेस' (लिंकमधल्या नंबरात स्पेस चालत नाही, - चालतो), मग 'फाइंड / रिप्लेस'मध्ये 'सिंपल स्ट्रिंग' निवडून # च्या जागी %23. त्यावर पुन्हा 'यूआरएल एन्कोड' लावलंत, तर % चाच %25 होतो आणि हाती %2523 येतं. लिंक न चालण्याचं हे नेहमीचं कारण.

मराठी साइटवाल्यांनी आणखी एक बघावं. दिसणारा नंबर खुशाल देवनागरीत ठेवा, पण लिंकमधले आकडे इंग्रजीच हवेत. देवनागरी आकडा एन्कोड केला की एकाची नऊ अक्षरं होतात, आणि तो नंबर राहतच नाही.

टिकवाली सेटिंग खरी उपयोगी पडते व्हॉट्सअॅप लिंकमधल्या संदेशाला, कारण तिथे & आणि # दोन्ही बदलावे लागतात. नुसतं 'नमस्कार' ६३ अक्षरांचं होतं, घाबरू नका. त्या लिंकच्या नंबरात मात्र + नको, सुरुवातीचा शून्यही नको.

आयफोनवर या साधनाचा उपयोग होईलच असं नाही: लिंकमध्ये * किंवा # असेल तर फोन अॅप नंबर लावतच नाही, असं अॅपलच्याच जुन्या दस्तऐवजात आहे. तिथे पिन लिंकशेजारी लिहून द्या.