सिलिकॉन कार्बाइड-ग्रॅफाइटची मूस: पितळेच्या भट्टीवर पावसाळा काढल्यानंतर

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) समया-घंटांची कामं अंगावर यायच्या आधी, मे महिन्यात, गोव्यातल्या कुंडईच्या आमच्या ओतशाळेत ही मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, लावली. त्याआधी वर्षानुवर्षं माती-ग्रॅफाइटचीच वापरत होतो. आता पावसाळा आणि दिवाळी दोन्ही हिच्यावर निघाल्यात. महाग आहे, तरी पुढची हीच घेणार.

भिंतीतून उष्णता झटकन आत जाते, त्यामुळे बर्नर कमी वेळ चालतो. डिझेल वाचतंच, पण पितळवाल्यांना खरा फायदा वेगळा. पितळ साधारण ९०० ते ९४० अंशांना वितळतं आणि त्यातलं जस्त ९०७ अंशांना उकळतं. वितळलेला रस जितका रेंगाळेल तितकं जस्त पांढऱ्या धुरावाटे उडून जातं. तो धूर आता नजरेत भरेल इतका कमी झालाय.

आयुष्य मात्र आपल्या हातात आहे. ग्रॅफाइटला तापाचं काही वाटत नाही. पण ५०० अंशांच्या आसपास हवेतला ऑक्सिजन त्याला खायला लागतो. या मुशीच्या अंगावर काचेसारखा लेप असतो, तो हवा आत जाऊ देत नाही. पण तो नीट पसरून बसतो भट्टी लालभडक झाल्यावर. म्हणून पहिल्या तापवणीत २०० अंशांपर्यंत अगदी सावकाश जायचं, सगळी ओल निघू द्यायची, आणि तिथून पुढे न रेंगाळता लाल करायची. सगळंच हळूहळू तापवणं सुरक्षित वाटतं, पण मधल्या पट्ट्यात लेप बसायच्या आधीच मूस झिजते.

गोव्याच्या पावसात ओलीकडे तर फारच लक्ष द्यावं लागतं. जूनपासून आमच्याकडे मूस जमिनीवर ठेवत नाही. भट्टीच्या मागच्या भिंतीलगत लाकडी फळीवर, पालथी न घालता. रोज सकाळी लाकडी दांड्याने हलकेच वाजवून बघतो. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर चीर गेलेली असते, ती भट्टीत घालायची नाही.

पितळेचे तुकडे कोंबून भरू नका. तापल्यावर पितळ ग्रॅफाइटच्या तीन-चार पट फुगतं आणि आतून भिंत फाडतं. उरलेला रस मुशीत थिजू देणंही त्याच कारणाने घातक. टाकणखार (बोरॅक्स) बेताने आणि धातू वितळल्यावरच टाका, कोरड्या भिंतीवर पडला की लेप खातो.

तक्रार आहे ती विक्रेत्याबद्दल. भर पावसात आलेल्या दुसऱ्या मुशीचं पॅकिंग ओलं होतं आणि काठाला टवका उडालेला. बदलून द्यायला त्याने फार वेळ घेतला. माल उतरवतानाच, टेम्पोवाला थांबलेला असताना, वाजवून घ्या. आणि सांडशी नव्या मुशीच्या मापाची करून घ्या. पकड पोटाच्या खालच्या भागावर बसली पाहिजे. जुनी सांडशी काठाला चावते, आणि रसाने भरलेली मूस तशी उचलायची नसते.