व्होल्ट दाखवून पॅनल विकणाऱ्यांपासून सावध!

आमच्या खानापूर भागात रानडुकरांनी ऊस ठेवलेला नाही. म्हणून शिवारोशिवारी कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी झटका मशीन, तिला बॅटरी आणि बॅटरीला सोलर पॅनल. हे हेरूनच टेम्पोतून पॅनल विकणारे फिरतात. अशाच एकाकडून आमच्या तात्यांनी 'शंभर वॉट'चं पॅनल घेतलं. त्याने बांधावरच मीटर लावून दाखवला, "बघा काका, बारा व्होल्टच्या पॅनलला एकवीस व्होल्ट!" पक्की पावती मात्र नाही.

मशीनची टकटक मध्यरात्रीच बंद पडायची आणि सकाळी ऊस आडवा. फोन केला तर म्हणे, बॅटरी जुनी. गावातल्या वायरमनने क्लॅम्प मीटर (वायरीला चिमट्यासारखा पकडून करंट मोजणारा) लावला, तर शून्य. विक्रेत्याला तेवढंच हवं होतं: "तुमचा मीटरच खराब." खरं तर साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, पॅनलचा करंट डीसी. त्याला डीसीचा क्लॅम्प लागतो, नाहीतर साध्या मल्टिमीटरचं १० अँपिअरचं भोक.

मग भर दुपारी मीच बसलो. पॅनल सुटं केलं, वर गोणपाट टाकलं, मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घातली, दोन्ही वायरी थेट पॅनलच्या दोन टोकांना जोडल्या आणि गोणपाट ओढलं. मागच्या लेबलवर 'आयएससी ६.१ अँपिअर' छापलेलं, म्हणजे दोन टोकं थेट जोडली की भर उन्हात मिळणारा करंट. मीटरवर अडीचच्या आत-बाहेर. आकाश निरभ्र, पॅनल सूर्यासमोर. थोडी घट समजू शकतो, पण निम्मंसुद्धा नाही?

व्होल्ट कसे बरोबर आले? पॅनलमधल्या एका सेलचे अर्धा-पाऊण व्होल्ट, सेल केवढाही असो. छत्तीस तुकडे ओळीने जोडले की एकवीस होणारच. करंट मात्र सेलच्या आकारावर. तात्यांचं पॅनल जेमतेम दोन बाय दीड फूट, आणि आजच्या चांगल्या पॅनललाही शंभर वॉटसाठी पाच चौरस फुटांच्या आसपास जागा लागते. म्हणजे मीटर नसला तरी टेप पुरे!

आता त्याचा नंबर बंद आहे.

तपासायचं तर घेण्याआधी, उन्हात, आणि एकाच सुट्या पॅनलवर. छतावरच्या जोडलेल्या रांगेला हात लावू नका, तिथला डीसी जीव घेईल. मोजून झालं की गोणपाट टाकूनच वायरी काढा आणि लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घाला. तशीच बॅटरीला लावली तर मीटरचा फ्यूज, नाहीतर मीटरच गेला म्हणून समजा.