धुऊन परत वापरायची सामू-पट्टी: रावेरच्या केळीवाल्याचा अनुभव

आमच्या बोअरचं पाणी जड. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो, म्हणून केळीच्या ठिबकला अ‍ॅसिड ट्रीटमेंट करावीच लागते. अ‍ॅसिड पुरेसं झालं का, ते पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी) पट्टी बुडवून बघायचा. कागदी पट्टी एकदा बुडवली की फेकायची. जळगावला दुकानात ही धुऊन वापरायची दिसली, २४० रुपयांना घेतली.

रंग ब्रोमोथायमॉल ब्लूचा: सामू ६ च्या खाली पिवळा, ७.६ च्या वर निळा, मधे हिरवा. तो धाग्यातच पक्का बसवलाय, म्हणून पाण्यात उतरत नाही. बोअरच्या पाण्यात निळी, अ‍ॅसिडच्या पाण्यात पिवळी, बोअरखाली विसळली की मिनिटभरात पुन्हा निळी. आई म्हणाली, "हळदीच्या डागाला साबण लागला की लाल, लिंबू पिळलं की परत पिवळा. यात नवं काय?" खरंय तिचं.

तीसेक वेळा चालली, मग कडा फिक्या पडल्या. चूक माझीच, दोन दिवस उन्हात बांधावर राहिली. खरी अडचण वेगळी. शेवटच्या ड्रिपरला सामू ४ च्या आसपास आणायचा असतो, आणि ही बाई ५.५ लाही तेवढीच पिवळी! तिथं मी अजून कागदीच काढतो. फवारणीच्या टाकीत पाणी फार अल्कधर्मी तर नाही ना, एवढं बघायला मात्र हीच.