पुनर्वसन वॉर्डातील ‘मोका’ चाचणी: गुणांपेक्षा चुका वाचाव्यात

खुब्याची शस्त्रक्रिया किंवा पक्षाघात यांनंतर पुनर्वसन विभागात आलेल्या वृद्ध रुग्णाला वॉकर कसा धरायचा, कोणता पाय आधी टाकायचा हे रोज शिकवले जाते. शिकवलेले त्याच्या लक्षात राहते का, हे मात्र पुष्कळदा तपासलेच जात नाही. त्यासाठी ‘मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट’, अर्थात ‘मोका’, ही २००५ साली प्रसिद्ध झालेली, ३० गुणांची आणि सुमारे १० मिनिटांची चाचणी मला फार मोलाची वाटते. १९७५ पासूनच्या ‘मिनी मेंटल स्टेट’ चाचणीतही गुण ३०च आहेत. पण नियोजन करणे, एका गोष्टीवरून लक्ष दुसरीकडे वळवणे या क्षमता तीत फारशा तपासल्या जात नाहीत, आणि घरी एकट्याने वावरताना रुग्णाचे अडते ते बहुधा तिथेच.

या चाचणीतला घड्याळाचे चित्र काढण्याचाच प्रश्न घ्या. अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितल्यावर रुग्ण मिनिटकाटा दोनऐवजी दहावर नेतो, तेव्हा कानावर पडलेल्या आकड्यापासून विचार सोडवून घेणे त्याला जड जात असावे. सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीने आले, तर डाव्या बाजूचे भान सुटल्याची शंका येते, आणि त्याला दारातून नेताना डावीकडे जपायला हवे हे त्या कागदावरूनच उमगते. लक्षात ठेवायला सांगितलेल्या पाच शब्दांपैकी एखादा शब्द इशारा दिल्यावर आठवला तर गुण मिळत नाही. तरीही खाटेजवळ लावलेली लेखी सूचना या रुग्णाला उपयोगी पडेल, अशी आशा त्यातून धरता येते. २६ किंवा अधिक गुण सामान्य धरतात, म्हणून फाइलमध्ये केवळ ‘२६ पेक्षा कमी’ असा शेरा मारला, की हे सारे वाया जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

ही चाळणी आहे, निदान नव्हे. शस्त्रक्रियेनंतरच्या तीव्र गोंधळलेल्या अवस्थेत, म्हणजे डिलिरियममध्ये, ती घेऊ नये. चष्मा आणि श्रवणयंत्र जागेवर असावे. वाचाघात (मेंदूच्या इजेमुळे बोलण्या-समजण्यात येणारी अडचण) झालेल्या किंवा लिहिता हात लुळा पडलेल्या रुग्णाचे कमी गुण बुद्धीच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे होईल. शिक्षण १२ वर्षे किंवा त्याहून कमी असल्यास एक गुण वाढवून मिळतो, पण शाळेत जेमतेम गेलेल्यांना तेवढ्याने न्याय मिळत नाही. त्यांच्यासाठी ‘मोका बेसिक’ ही स्वतंत्र आवृत्ती वापरावी. घरी सोडण्यापूर्वी पुन्हा तपासायचे झाल्यास पर्यायी आवृत्ती घ्यावी, म्हणजे पहिल्या वेळचे पाठ झालेले शब्द सुधारणा म्हणून मोजले जाणार नाहीत.